सकाळचा धूर वर का जात नाही?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं हवेबद्दलची आहेत. थंडी पडली की दर वर्षी असंच होतं. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, चौतीस वर्षं इथल्याच एका शाळेत फिजिक्स शिकवलं, आणि घरात दम्याचं माणूस आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकापुरता राहिलेला नाही. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते आधी वाचावं ही विनंती, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार तेच आहे.

आदरणीय बाई, आमच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी टेकडीचा खालचा भाग गायब असतो आणि वरची तटबंदी मात्र स्वच्छ दिसते. हे धुकं आहे की धूर? धूर असेल तर तो वर का जात नाही? गरम हवा वर जाते असं आम्हाला शिकवलंय. — दहावीतली विद्यार्थिनी, जनकगंज

बाळ, तुझा प्रश्न वाचून मला माझ्याच वर्गातली एक सकाळ आठवली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. अशाच एका मुलीने हेच विचारलं, तेव्हा मी फळ्यावर उत्तर न देता दुसऱ्या दिवशी पहाटे बारा मुलांना बोलावलं. सहा जण थर्मामीटर घेऊन शाळेच्या अंगणात थांबले. सहा जणांना घेऊन मी उरवाईच्या रस्त्याने किल्ल्यावर गेले. साडेसहाला दोन्हीकडे तापमान घ्यायचं ठरलं होतं. खाली ६ अंश निघालं. वर, शहरापासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर, ९ अंश. मुलांचा विश्वास बसेना. उंचावर गेलं की थंडी वाढते, शिमल्याला म्हणून बर्फ पडतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. पुन्हा नऊच.

मग मी त्यांना कठड्यापाशी नेलं. खाली एका गल्लीत बेडईच्या कढईखालची भट्टी नुकतीच पेटली होती. धुराची एक काळसर काठी सरळ वर चढत होती. आम्ही उभे होतो त्याच्या बरीच खाली ती एकाएकी थांबली आणि दोन्ही बाजूंना पसरली, वर काच धरावी आणि तिला धूर लागावा तशी. शेजारच्या गल्लीतली दुसरी काठी त्याच उंचीला येऊन आडवी झाली. तिसरीही तिथेच. त्या सगळ्या आडव्या धुरांची मिळून एक राखाडी चादर झाली होती, आणि लष्कर त्या चादरीखाली होतं.

आता कारण. दिवसा ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला तापवते. म्हणून खालची हवा गरम आणि वरची थंड, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी कमी. ही नेहमीची मांडणी. पण थंडीतली रात्र लांब असते, आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते. अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते आणि स्वतः गार पडते. तिला चिकटलेली हवाही गार होते. वरच्या हवेला मात्र याचा पत्ता नसतो. पहाटेपर्यंत मांडणी उलटी झालेली असते. तुझ्या हिंदी पुस्तकात याला ‘तापमान व्युत्क्रमण’ म्हटलं असेल. मराठीत आपण याला सरळ हवेवरचं झाकण म्हणू.

गरम हवा वर जाते हे तू शिकलीस ते बरोबरच आहे, फक्त ते अर्धं आहे. भोवतालच्या हवेपेक्षा जी गरम असते ती वर जाते. भट्टीचा धूर निघतो तेव्हा खूप गरम असतो म्हणून चढतो. चढता चढता तो थंड हवेत मिसळतो, पसरतो आणि थंड होत जातो. आणि झाकणापाशी भोवतालची हवाच त्याच्याहून गरम असते. तिथे त्याला वर ढकलणारं काही उरत नाही.

याचा हिशेब करून बघ. उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडे हवा जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरपर्यंत घुसळली जाते. थंडीतल्या पहाटे झाकण शंभर मीटरवर असेल, तर तितकाच धूर विसाव्या हिश्शाच्या जागेत कोंबला जातो. गाड्या तेवढ्याच, चुली तेवढ्याच, शहर तेच, आणि प्रत्येकाच्या श्वासात वीसपट मळ. थंडीत प्रदूषण वाढतं असं आपण म्हणतो. शेकोट्यांनी ते थोडं वाढतंही, पण मोठा फरक झाकण खाली उतरल्याने पडतो.

धुकं की धूर, हेही विचारलंस. दोन्ही. धुक्याच्या प्रत्येक थेंबाला बसायला एक कण लागतो, आणि शहराच्या हवेत असे कण हवे तेवढे मिळतात. पुढे तेच धुकं सूर्याचा प्रकाश वरच्यावर परतवतं, जमीन तापू देत नाही आणि झाकण उघडायला उशीर होतो. एरवी दहा-अकराला मोकळी होणारी हवा मग कधी कधी दिवसभर मोकळी होत नाही.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर असंच झाकण पाच दिवस बसून राहिलं आणि कोळशाच्या धुराने हजारो माणसं गेली. सरकारी आकडा ४,००० होता, नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. आपल्या मध्य प्रदेशात दूरचं उदाहरण द्यायची गरज नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र थंड होती, वारा मंद होता. कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. तो वायू वर विरून न जाता जमिनीलगत, झोपलेल्या वस्तीतून सरकत गेला. ही गोष्ट मी दर वर्षी डिसेंबरमध्ये वर्गात सांगत आले, आणि ती सांगताना माझा आवाज एकदाही स्थिर राहिलेला नाही.

उत्तरायणाला सकाळी आठ वाजता पतंग उचलतच नाही. मुलाला लांब उभं करून सोडायला लावावं लागतं. पण एकदा वर गेला की हाताला ओढ लागते. अकरानंतर मात्र गच्चीवरच वारा असतो. हे दर वर्षीचं आहे. का? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

तुम्ही दोन्ही हातांनी झाकण तपासून बघता आहात, फक्त त्याला हे नाव दिलेलं नाही. सकाळी जमिनीलगतची गार हवा जड होऊन बसलेली असते. वरच्या वाऱ्याचा आणि तिचा संबंध तुटलेला असतो. वरचा वारा मात्र रात्रभर घरं, झाडं, टेकड्या यांच्या अडथळ्यातून सुटलेला, म्हणून उलट जास्त वेगाने वाहत असतो. तुमचं पोरगं जे धावतं ते पतंगाला त्या मेलेल्या थरातून पार करण्यासाठी. एकदा पार झाला की मांजा बोटात रुतायला लागतो.

ऊन चढलं की गरम हवेचे बुडबुडे वर जाऊ लागतात आणि त्यांच्या जागी वरची वेगवान हवा खाली येते. अकराचा वारा हा असा वरून आलेला असतो, म्हणूनच तो झटक्याझटक्याने येतो आणि पेच लावताना फसवतो. संध्याकाळी पुन्हा सगळं शांत होतं. रात्री तुम्ही तुक्कल चढवता तेव्हा ते कंदील किती संथ, एका रेषेत राहतात ते आठवा. वरचा वारा तेव्हा चालूच असतो, पण त्याला खालून कोणी ढवळत नसतं.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. १७४९ साली ग्लासगोमध्ये अलेक्झांडर विल्सन यांनी एकाच दोरीवर अनेक पतंग चढवून त्यांना थर्मामीटर बांधले होते, वरच्या हवेचं तापमान कळावं म्हणून. आम्ही ज्यासाठी किल्ला चढलो, ते काम त्यांनी पतंगाकडून करून घेतलं.

माझं वय ७४. चाळीस वर्षं पहाटे पाचला फिरायला जातो. आता थंडीत छाती भरून येते. सून म्हणते जाऊ नका. पहाटेची हवा शुद्ध असते असंच आम्ही ऐकत आलो. — एक आजोबा, मोरार

आजोबा, सूनबाईंचं ऐका. पहाटेची हवा शुद्ध, हे मळ्यात आणि नदीकाठी खरं होतं. शहरात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाच ते नऊ ही चोवीस तासांतली सगळ्यात वाईट वेळ असू शकते. रात्रभर ट्रकांनी, शेकोट्यांनी, भट्ट्यांनी जे सोडलं ते सगळं त्या वेळी तुमच्या नाकाच्या उंचीला साठलेलं असतं.

आमच्या ह्यांनाही पहाटेचीच सवय होती. मोडायला दोन हिवाळे लागले. आता जेवण, थोडी पडी, आणि तीन वाजता मी त्यांना बाहेर काढते. ऊन असतं, झाकण वर गेलेलं असतं, आणि पंपाची गरज पूर्वीपेक्षा कमी पडते. प्रत्येकाच्या छातीचं गणित वेगळं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नाइलाजाने सकाळी जावंच लागलं तर नाकावर मफलर गुंडाळून भागत नाही. मफलर थंडी अडवतो, बारीक कण अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्कच हवा, आणि तोही कडेने फट न राहता बसलेला.

मुलाने सांगितलं की ग्वाल्हेर जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं प्रदूषित शहर होतं. माहेर म्हणून मला फार लागलं. हे खरं आहे का? आणि त्याच्या फोनवर एक आकडा दिसतो, सरकारी ॲपवर दुसराच. खरा कुठला? — एक वाचक, पुणे

मलाही लागलं होतं, म्हणून मी ती यादी नीट बघितली. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची वार्षिक सरासरी ग्वाल्हेरसाठी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम होती आणि क्रमांक दुसरा होता. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. संघटनेची तेव्हा १० होती, २०२१ पासून ती ५ आहे. यादीत फक्त मोजणारी शहरं होती आणि सगळ्यांची वर्षं एक नव्हती, त्यामुळे ‘दुसरं’ या शब्दाला मी फार धरून बसणार नाही. पण १७६ हा आकडा क्रमांकाशिवायही वाईटच आहे.

त्या यादीत पहिलं होतं इराणमधलं झाबोल. तिथे उन्हाळ्यात चार महिने एकसारखा वारा सुटतो, लोक त्याला ‘एकशेवीस दिवसांचा वारा’च म्हणतात, आणि शेजारचा हामून तलाव आटल्यावर त्याच्या तळाची माती तो वारा गावावर आणून टाकतो. झाबोलचं दुःख वाऱ्यामुळे, आपलं हिवाळ्यातलं दुःख वारा पडल्यामुळे. दोन्ही गावं यादीत शेजारी-शेजारी होती, पण उपाय एक कसा असेल?

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ग्वाल्हेर आहे. रस्ते झाडायची यंत्रं आली, पाणी फवारणाऱ्या गाड्या आल्या. त्यांनी धूळ बसते. पहाटेचा धूर बसत नाही.

फोनचं म्हणाल तर दोन्ही आकडे खरे असू शकतात. पट्ट्या वेगळ्या आहेत. हवेत पीएम २.५ हे ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी पट्टीवर त्याच हवेचा आकडा दीडशेच्या वर जातो. शिवाय सरकारी ‘समीर’ ॲपवर कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. पहाटेचा चढ त्या सरासरीत मुरून जातो. म्हणून मुलाला सांगा, निर्देशांक बघण्याऐवजी त्याखालचा पीएम २.५ चा मायक्रोग्रॅममधला आकडा बघ, आणि तोही तासाचा. त्याला पट्टीची अडचण नाही.

मे-जूनमध्ये एवढी लू वाहते, आंध्या येतात. तुम्ही म्हणता वारा असला की हवा मोकळी. मग उन्हाळ्यातही आकाश मातकट का? — एक वाचक, पाटणकर बाजार, लष्कर

कारण वारा नुसता नेत नाही, आणतोही. थरचं वाळवंट, राजस्थानची उघडी जमीन तापते, आणि पश्चिमेकडून येणारी लू ती माती उचलून आपल्यापर्यंत पोचवते. झाकण तेव्हा खूप उंच असतं, पण खालची जागाच मातीने भरलेली असते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एक उद्योग करते. महिन्याच्या पहिल्या तारखेला काचेच्या पट्टीवर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन ती गच्चीच्या कठड्यावर चोवीस तास ठेवते, मग जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मेमधली पट्टी बघताना खडीसाखर फोडून पसरल्यासारखं वाटतं: कोनाकोनांचे, काचेसारखे, कुठे पिवळसर तर कुठे तांबूस कण. एकेक सुटा. त्यातले बरेचसे नाक आणि घसा अडवून धरतात. नोव्हेंबरची पट्टी वेगळी. तिच्यावर काळे, केसाळ पुंजके असतात, द्राक्षाचा घड जळून कोळसा व्हावा तसे. ती काजळी. डिझेलची, लाकडाची, आणि डबरा-भितरवारकडे धान कापल्यावर पेटवलेल्या नरवाईची, म्हणजे शेतात उरलेल्या खुंटांची. पंजाब-हरियाणाकडचा धूरही वायव्येच्या वाऱ्याबरोबर त्याच दिवसांत येतो. बोट लावलं तर मेची पट्टी खरखरते आणि नोव्हेंबरची नुसती काळं बोट करते. जे सगळ्यात बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात ते माझ्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसतही नाहीत, हे मात्र मी स्वतःला दर वेळी सांगते.

मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, झाली की दोन्ही पट्ट्या सुधारतात. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, ती आणतात. पाऊस मोठे कण छान धुतो. बारीक काजळी त्याच्या थेंबांतून बरीचशी निसटते, पण पाठोपाठ येणारा थंड, जोराचा वारा ती लोटून नेतो. मावठीनंतरच्या अशा वाऱ्याच्या दिवशी किल्ल्यावरून मोरारपलीकडचं शिवारही दिसतं. तेवढ्यासाठी मी अजून वर जाते.

घरात मनी प्लांट, स्नेक प्लांट ठेवल्याने हवा शुद्ध होते का? — एक वाचक, इंदूर

खोलीपुरता विचार केला तर मोजता येईल इतकी नाही. झाडं हौसेने ठेवा, पण सकाळी खिडक्या बंद आणि दुपारी उघड्या, याने जास्त फरक पडेल. उदबत्ती आणि कॉइल बंद खोलीत नको.

आमच्या कॉलनीत रोज पहाटे पालापाचोळा पेटवतात. सांगितलं तर भांडण होतं. काय करावं? — एक वाचक, थाटीपूर

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. हे तुम्ही सांगू शकता. मीही सांगितलं होतं, आणि माझंही भांडणच झालं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका कार्यालयाचं आवार आहे, कडुलिंबाची सात मोठी झाडं. रोज सहा वाजता ढीग पेटायचा. त्यात पानांबरोबर पाउच, ग्लास, पिशव्या. तीन वेळा अर्ज दिला, उत्तर आलं नाही. एका सकाळी ह्यांना धाप लागली तेव्हा मी तशीच शाल घेऊन तिथे गेले. झाडणारे दोघे म्हणाले, “मॅडम, पांच मिनट में बुझ जाएगा.” मी त्यांना भांडून नाही, हात धरून माझ्या गच्चीवर आणलं. चहा दिला. सात वाजले, साडेसात वाजले. विस्तव कधीच विझला होता, पण त्याचा धूर शेजारच्या बालवाडीच्या कौलांवर तसाच लोळत होता, आणि मुलं त्यातून आत जात होती. दोघांतला मोठा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मला जे सांगितलं ते मी आधी कधी विचारलंच नव्हतं: पानं न्यायला गाडी येत नाही, आणि आठपर्यंत आवार स्वच्छ दिसलं नाही तर बोलणी त्यालाच बसतात.

तेव्हापासून मी अर्जात ‘जाळणं बंद करा’ हे पहिल्या ओळीत लिहीत नाही. पहिल्या ओळीत लिहिते, ‘पानांसाठी वेगळी गाडी द्या, नाहीतर खड्ड्याला जागा द्या.’ गाडी अजून आलेली नाही. खड्ड्याला जागा आम्ही गल्लीतल्या चार घरांनी मिळून दिली: सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. वीतभर पानं, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, मूठभर माती, पुन्हा पानं. प्लॅस्टिक आधी वेचून काढायचं, ते काम आमच्या घरांचं. महिन्यातून एकदा फावड्याने खालीवर करायचं. कडुलिंबाचं पान कुजायला वेळ घेतं, घाई करू नये.

पहिला खड्डा मार्चमध्ये भरला. पावसाळ्यात तो निम्मा खचला. ऑगस्टच्या शेवटी उघडला तेव्हा काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत निघालं. दोघांनी ते पोत्यात भरून अर्धं अर्धं घरी नेलं.